विंडोजसोबत आलेला मीडिया प्लेअर: युरोपचा निकाल बरोबर, उपाय मात्र फसला

सह्यवाट

अँड्रॉइडच्या धाग्यावर अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा. तिथे दोघातिघांनी लिहिलं की मायक्रोसॉफ्टने लोकांना मीडिया प्लेअर फुकट दिला आणि युरोपने त्यासाठी दंड ठोकला, म्हणजे चांगल्या कामाची शिक्षा झाली. हा समज बराच पसरलेला आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. माझ्या मते निकाल बरोबर होता, फसला तो त्यावरचा उपाय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आजच्या मोबाइलच्या वादातही आपण भलत्याच मुद्द्यावर भांडत बसतो.

आधी घडलं काय ते. डिसेंबर १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या यंत्रणेकडे, तक्रार केली. ती मीडिया प्लेअरबद्दल नव्हतीच. विंडोजवाल्या संगणकांशी आमच्या सर्व्हरचं नीट जमावं एवढी तांत्रिक माहिती मायक्रोसॉफ्ट देत नाही, अशी ती तक्रार होती. फेब्रुवारी २००० मध्ये आयोगाने स्वतःहून चौकशी वाढवली आणि विंडोज मीडिया प्लेअर तिच्यात आला. निर्णय लागला २४ मार्च २००४ ला, मारिओ मोंती स्पर्धा आयुक्त असताना. दंड सुमारे ४९.७ कोटी युरो. शिवाय दोन आदेश: सर्व्हरसाठी लागणारी माहिती १२० दिवसांत खुली करा, आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज ९० दिवसांत उपलब्ध करून द्या. मायक्रोसॉफ्ट लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेली. तिथे १३ न्यायाधीशांच्या पीठाने १७ सप्टेंबर २००७ ला आयोगाचा निर्णय जवळजवळ पूर्ण उचलून धरला. अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या विश्वस्ताबद्दलचा भाग तेवढा रद्द झाला.

आता मूळ मुद्दा. प्लेअर फुकटच असायचा, सगळ्यांचाच. रिअलनेटवर्क्स ही प्रतिस्पर्धी कंपनीही साधा रिअलप्लेअर फुकट द्यायची. तिचा पैसा यायचा तो गाणी आणि व्हिडिओ नेटवरून पुरवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरमधून. म्हणजे लढाई फाइलच्या फॉरमॅटची होती. प्लेअर ज्याचा जास्त संगणकांवर, त्याचा फॉरमॅट साइटवाले वापरणार, आणि फॉरमॅट ज्याचा, त्याचाच सर्व्हर विकला जाणार.

२००० च्या आसपासच्या गाण्यांच्या साइट आठवून बघा. गाण्याच्या नावापुढे दोन-तीन लिंका असायच्या: रिअल २८ के, रिअल ५६ के, विंडोज मीडिया ५६ के (आकडा नेटच्या वेगाचा). रिअलवर क्लिक केलं की आधी एक इवलीशी रॅम फाइल उतरायची. ती नोटपॅडमध्ये उघडली तर आत फक्त एक ओळ, खरी फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे त्याचा पत्ता. तो वाचून प्लेअर उघडायचा, मग बफरिंग, मग गाणं. परदेशातल्या मराठी माणसाने भावगीतं आणि नाट्यगीतं वर्षानुवर्षं अशीच ऐकली.

त्या साइटवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्रत्येक गाणं दोन फॉरमॅटमध्ये बनवायचं, दोन सर्व्हर सांभाळायचे, डिस्कवर जागाही दुप्पट. खर्च कमी करायची वेळ आली की कुठली लिंक उडणार? जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त पीसींवर विंडोज होतं, आणि मे १९९९ पासून विंडोज घेतलं की मीडिया प्लेअर त्यात येणारच, काढता येणार नाही, अशी स्थिती होती. रिअलवाल्याला मात्र प्रत्येक माणसाकडून डाउनलोड करून घ्यायला लागायचं, तेही डायलअपवर. प्लेअर कुणाचा सरस हा प्रश्न इथे येतच नाही. निवड व्हायच्या आधीच पारडं झुकलेलं होतं. न्यायालयाने नेमकं हेच पकडलं.

आणि उपाय? मायक्रोसॉफ्टने प्लेअर नसलेल्या विंडोजला 'रेड्यूस्ड मीडिया एडिशन' असं नाव सुचवलं. कमी केलेली आवृत्ती! आयोगाने ते नाकारलं आणि शेवटी नुसतं 'एन' अक्षर ठरलं. पण किंमत? पूर्ण विंडोजएवढीच. त्याच पैशात एक गोष्ट कमी असलेली वस्तू कोण घेईल? मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आकडा दिला: युरोपात विंडोज एक्सपीच्या ३ कोटी ५५ लाख प्रती गेल्या आणि एक्सपी एनच्या १,७८७.

आयोगाने आदेशात किमतीबद्दल अट घातली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला ठामपणे वाटतं. तुमचं म्हणणं वाचायला आवडेल.

बाराखडी

लेख मुद्देसूद आहे, पण निष्कर्ष पटला नाही.

१,७८७ या आकड्याचा सरळ अर्थ असा की प्लेअर नसलेली विंडोज कुणाला नकोच होती. तुम्ही किमतीकडे बोट दाखवता. पण प्लेअरची किंमत मुळात शून्य होती, मग सूट कशावर द्यायची? संगणक घरी आणला, सीडी टाकली आणि गाणं वाजलं, हीच माझ्या वडिलांच्या पिढीची अपेक्षा होती. आधी प्लेअर निवडा, मग उतरवा, मग कोडेक (फाइलचा फॉरमॅट उलगडणारं सॉफ्टवेअर) शोधा, हे त्यांना कुणी शिकवायचं?

दुसरं म्हणजे बाजाराने हा प्रश्न स्वतःच सोडवला. ऑक्टोबर २००३ मध्ये आयट्यून्स विंडोजवर आलं, आयोगाच्या निर्णयाच्याही आधी. लोकांनी ते झक्कत उतरवून घेतलं, कारण त्यांना आयपॉड हवा होता. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरमध्येच व्हिडिओ दाखवणाऱ्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर, चालायला लागलं. मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट सगळं गिळंकृत करणार होता ना? तो आज कुठे आहे?

अक्षरधूळ

बाराखडींशी सहमत, आणि रिअलबद्दल एवढी सहानुभूती कशाला तेही कळलं नाही. फुकटच्या प्लेअरची लिंक पानावर शोधावी लागायची, समोर दिसायचं ते पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीचं बटण. इन्स्टॉल करताना आधीच टिक केलेल्या पर्यायांची रांग. मग घड्याळाशेजारी येऊन बसायचा आणि वेळीअवेळी जाहिरातीचे निरोप वर काढायचा. संगणक सुरू झाला की हाही सुरू. लोकांनी रिअलप्लेअर काढून टाकला तो त्याच्या वागण्यामुळे. कायद्याने स्पर्धा राखावी, एखाद्या स्पर्धकाला नव्हे.

नांदूरमध्यमेश्वर

वाचतोय. विंडोज ९८ वर विनॅम्प हा दुसरा प्लेअर टाकणाऱ्यांपैकी मीही एक, त्यामुळे विषय जवळचा आहे.

सह्यवाट

अक्षरधूळ, रिअलचं वागणं वाईट होतं यात वाद नाही. पण ते वाईट का होत गेलं याचाही विचार करा. रिअलचे संस्थापक रॉब ग्लेझर स्वतः मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आलं तेव्हा नेटवरून आवाज लगोलग ऐकता येणं ही नवलाई होती, आणि या क्षेत्रात ते सगळ्यांच्या पुढे होते. पुढे मायक्रोसॉफ्ट तसाच प्लेअर विंडोजमध्ये घालून द्यायला लागली आणि स्वतःचं सर्व्हर सॉफ्टवेअरही तिने विंडोजच्या सर्व्हरसोबतच दिलं. ज्या वस्तूवर रिअलचं पोट होतं तिचीच किंमत शून्यावर आली. मग उरतं काय? प्लेअरमध्येच जाहिराती आणि सशुल्क आवृत्ती. त्यांच्या वागण्याचं हे समर्थन नाही, पण वापरणाऱ्याला झालेल्या त्रासात मक्तेदारीचाही वाटा होता.

बाराखडी, आयट्यून्सचा मुद्दा जोरदार आहे. पण ते लोकांनी उतरवलं ते हातात आयपॉड होता म्हणून. म्हणजे विंडोजमधला प्लेअर हटवायचा तर सोबत नवं यंत्र विकण्याची ताकद लागते. ती ॲपलकडे होती. तीन-चार मित्रांनी गॅरेजमध्ये काढलेल्या कंपनीकडे कुठून येणार?

आणि यूट्यूब आलं तोवर मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत न्यायालयाची देखरेख होती आणि युरोपात खटला चालू होता. त्या काळात तिने विंडोजमध्ये काय घालायचं आणि काय नाही हे हात राखून ठरवलं, असं माझं मत आहे.

मृणाल_पु

वकिली करते, त्यामुळे कायद्याच्या बाजूने थोडं.

'फुकट दिलं म्हणून दंड' हे चूक आहेच. न्यायालयाने चार गोष्टी तपासल्या. मुख्य वस्तूच्या बाजारात कंपनीचं वर्चस्व आहे का. मुख्य वस्तू आणि सोबतची वस्तू खरोखर वेगळ्या आहेत का. दुसरीशिवाय पहिली घेता येते का. आणि त्यामुळे इतरांची वाट बंद होते का. हे सगळं जुळलं तरी कंपनीला सबळ कारण देऊन सुटायची संधी असते.

सगळ्यात जास्त खल झाला तो दुसऱ्या मुद्द्यावर. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की मीडिया वाजवणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचंच काम आहे, ती वेगळी वस्तू नाहीच. त्यावर न्यायालयाने दाखवून दिलं की हीच कंपनी विंडोज मीडिया प्लेअर वेगळा उतरवायलाही देते, तोही ॲपलच्या मॅकसाठी आणि सनच्या सोलारिससाठीसुद्धा. इतरांच्या सिस्टिमवर जी वस्तू सुटी देता येते, ती आपल्या सिस्टिमचा अविभाज्य भाग आहे असं कसं म्हणणार? मला हा निकालातला सगळ्यात भक्कम भाग वाटतो.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. ज्यांनी ऐंशीच्या दशकात गॅसचं कनेक्शन घेतलं त्यांना आठवत असेल, एजन्सीवाला शेगडी आपल्याकडूनच घ्यायला लावायचा. नंबर लागायला वर्षं जायची, त्यामुळे लोक निमूट घ्यायचे. अशी प्रकरणं १९६९ च्या मक्तेदारी कायद्याखालच्या आयोगापुढे गेली होती. शेगडी चांगली की वाईट हा तिथे प्रश्न नव्हता. कनेक्शन एकाच्याच हातात होतं, हा होता.

बाराखडी, 'किंमत शून्य' यावर एक शंका. शेगडी 'फुकट' म्हणून दिली असती तरी गावातल्या शेगडीच्या दुकानांचं काय झालं असतं? वापरणाऱ्याला तो भुर्दंड उशिरा कळतो, दुकानं बंद झाल्यावर.

बाराखडी

मृणालताई, उदाहरण चांगलं आहे, पण एक फरक राहतो. एका घरात दोन शेगड्या ठेवायला जागा आणि पैसा लागतो. दुसरा प्लेअर ठेवायला काही लागत नाही. मी त्याच विंडोजवर विनॅम्प, व्हीएलसी आणि रिअल असे तिन्ही ठेवत होतो. मला कुणी अडवलं?

मृणाल_पु

तुम्हाला कुणी अडवलं नाही, हे खरं. मायक्रोसॉफ्टचा एक बचाव हाच होता. न्यायालयाचं उत्तर असं की आपोआप येणं आणि डाउनलोड करावं लागणं यांची बरोबरी होत नाही. संगणक बनवणाऱ्या कंपन्या एक प्लेअर आधीच असताना दुसरा घालायला सहसा तयार होत नाहीत, कारण तक्रारींचा फोन त्यांनाच येतो. आणि गाणी पुरवणारा किती जणांकडे तिन्ही प्लेअर आहेत ते बघत नाही, एकूण एक माणसाकडे नक्की काय आहे ते बघतो. सह्यवाटांनी लिंकांचं लिहिलंय ते हेच.

अमेरिकेत मात्र वेगळं घडलं. तिथे खटला ब्राउझरवर होता. जून २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मक्तेदारी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला, पण सोबत बांधून देण्याच्या आरोपावर म्हटलं की अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत फायदे-तोटे दोन्ही तोलले पाहिजेत, सरसकट बेकायदा ठरवता येणार नाही. पुढे सरकारने तो आरोप सोडूनच दिला. तुमचं मत त्या न्यायालयाच्या जवळचं आहे.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे 'एन' आजही जिवंत आहे, विंडोज ११ मध्येसुद्धा. तिच्यात फक्त प्लेअर नसतो असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात मीडिया फाउंडेशन नावाचा खालचा थरच नसतो. त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असलेली सॉफ्टवेअर उघडताना 'एमएफप्लॅट डॉट डीएलएल सापडली नाही' असा निरोप येतो. काही गेम चालत नाहीत, व्हिडिओ एडिटर उघडत नाही. मग सेटिंगमधल्या ऐच्छिक सुविधांत जाऊन 'मीडिया फीचर पॅक' नावाची मायक्रोसॉफ्टचीच वस्तू बसवायची, ती फुकट मिळते. ती बसवली की जे काढलं होतं ते सगळं परत!

म्हणजे आयोगाने सांगितलं प्लेअर वेगळा करा, आणि मिळालं काय तर अपुरी वाटणारी विंडोज, जिचा इलाज पुन्हा मायक्रोसॉफ्टकडेच. यात व्हीएलसीला किंवा दुसऱ्या कुणाला काय मिळालं? नोकरीत कंपनीच्या संगणकांचं काम बघतो, तिथे नव्या माणसाला पहिलं शिकवतो ते हे की लायसन्स निवडताना एन नको.

सह्यवाट, म्हणून नुसती किंमत कमी केली असती तरी पुरलं नसतं असं मला वाटतं. काय काढायचं आणि काय ठेवायचं याची रेघ कंपनीलाच आखू दिली, तिथेच आदेश लंगडा पडला.

सह्यवाट

रेघेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एक्सपी एनच्या वेळीही रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या) काही नोंदी गाळल्यामुळे दुसऱ्यांचे प्लेअर नीट चालत नव्हते, आणि त्या परत घालायला लावाव्या लागल्या. तरी किंमत मी सोडत नाही. दहा-वीस युरोंचा फरक असता तर एखाद्या संगणक कंपनीने एन घेऊन त्यावर रिअल किंवा दुसरा प्लेअर बसवून विकायचा विचार तरी केला असता, आणि प्लेअरवाल्यांनी त्या जागेसाठी पैसे मोजले असते. तशी कंपनी एकही पुढे आली नाही, कारण तिला त्यात काही सुटतच नव्हतं.

गोदाकाठचा

मंडळी, सगळे मीडिया प्लेअरवरच बोलताहेत. त्याच निकालाच्या दुसऱ्या अर्ध्याने माझ्यासारख्यांची कामं सोपी केली, ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

नाशिकला एका कारखान्यात सर्व्हर बघतो. लिनक्सच्या मशीनवर सांबा, आणि ऑफिसातले सगळे विंडोजवाले पीसी त्याच्यावर फाइली ठेवतात. सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोजच्या भाषेत बोलायला शिकलं ते वर्षानुवर्षं तारेवरून जाणारी डेटाची पाकिटं तपासून. कागदपत्रं कुणी देत नव्हतं. २००७ च्या निकालानंतर मायक्रोसॉफ्टला ती द्यावी लागली. डिसेंबर २००७ मध्ये एका ना-नफा संस्थेने एकदाच १०,००० युरो भरून ती घेतली आणि सांबाच्या लोकांना वापरायला दिली. डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४ आलं. त्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं मुख्य काम लिनक्सवर करता यायला लागलं, म्हणजे कुणाचा पासवर्ड काय आणि कुणाला कुठली फाइल उघडायची परवानगी ते. लहान कारखान्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते सर्व्हर आणि माणशी लायसन्स यांचं कोटेशन हातात घेतलेल्यालाच कळेल.

ही माहितीही सहज सुटली नाही. आदेश पाळला नाही म्हणून जुलै २००६ मध्ये २८.०५ कोटी युरो, आणि माहितीसाठी अवाच्या सवा पैसे मागितले म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये ८९.९ कोटी युरो असे वेगळे दंड झाले. दुसरा नंतर ८६ कोटींवर आला. मूळ दंडापेक्षा हे दोन्ही दंड मिळून दुपटीहून जास्त!

म्हणून माझं मत: वस्तू काढायला लावण्यापेक्षा दार उघडायला लावा. काढलेली वस्तू परत येते. एकदा छापून बाहेर पडलेली कागदपत्रं परत घेता येत नाहीत.

अक्षरधूळ

गोदाकाठचा, प्रतिसाद फार आवडला. सांबाचं हे माहीत नव्हतं. या अर्ध्या निकालाला माझाही पाठिंबा.

सोनचाफा

कोरियाचं प्रकरणही यात घ्यायला हवं. तिथे 'दाउम' या पोर्टलने २००१ मध्ये तक्रार केली होती, विंडोजसोबत येणाऱ्या मेसेंजरबद्दल. पुढे रिअलनेही मीडिया प्लेअरबद्दल तक्रार जोडली. डिसेंबर २००५ मध्ये कोरियाच्या आयोगाने सुमारे ३३ अब्ज वॉन दंड केला आणि विंडोजच्या दोन आवृत्त्या आणायला लावल्या. एकीत प्लेअर आणि मेसेंजर दोन्ही नाहीत. दुसरीत दोन्ही आहेत, पण प्रतिस्पर्ध्यांची सॉफ्टवेअर उतरवायच्या लिंकाही सोबत. ऱ्हाईनकाठ म्हणतात तसं नुसतं काढून ठेवलं नाही, दुसऱ्यांना दाखवायची सोयही केली.

युरोपनेही पुढच्या वेळी हेच केलं. ब्राउझरच्या प्रकरणात ऑपेरा या ब्राउझर कंपनीच्या तक्रारीवरून मार्च २०१० पासून विंडोजमध्ये ब्राउझर निवडायचा पडदा यायला लागला. पण विंडोज ७ च्या एका अपडेटमध्ये तो पडदाच गळला आणि वर्षाहून जास्त काळ दीडेक कोटी लोकांना दिसला नाही. त्याबद्दल मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड. विशेष म्हणजे एवढे दिवस ते आयोगाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाराखडी

हे सगळं वाचून माझा मुख्य प्रश्न आणखी पक्का झाला. यात सामान्य माणसाला काय मिळालं? दंड गेला युरोपच्या तिजोरीत. रिअलने अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये दावा लावला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ७६.१ कोटी डॉलरचा समझोता करून ती बाजूला झाली, युरोपातल्या खटल्यातूनही अंग काढून घेतलं. ज्यांच्या नावाने लढाई चालली होती तेच पैसे घेऊन निघून गेले. सांबाचा फायदा मी मान्य करतो. पण तो मीडिया प्लेअरच्या अर्ध्याचा नव्हता.

आडवाटेची

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. घरी दोन सीडी आहेत. त्यावर २००१-०२ च्या सुमारास उतरवून घेतलेल्या जुन्या संगीत नाटकांच्या आरएम (रिअलच्या फॉरमॅटच्या) फाइली आहेत. आईला ऐकायच्या आहेत. आता त्या कशात वाजतात?

गोदाकाठचा

ताई, आधी व्हीएलसीत टाकून बघा, बहुतेक वाजतील. कायमचं करायचं असेल तर एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एमपी३ करून ठेवा. रिअलचे बरेचसे जुने कोडेक त्याला उलगडतात, तेही लोकांनी बाहेरून अभ्यास करून लिहिलेल्या कोडमुळे. आणि सीडीवरून आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या घरी लिहिलेल्या सीडींचा भरवसा नाही, एखादी अडकली तर पुन्हा पुन्हा फिरवू नका.

आडवाटेची

व्हीएलसीत वाजल्या! पहिल्या सीडीतल्या सगळ्या. मनापासून आभार. आता एमपी३ करायला बसते.

मृणाल_पु

बाराखडींचा 'सामान्य माणसाला काय मिळालं' हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आपल्याकडचं बघू.

२० ऑक्टोबर २०२२ ला भारताच्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मोबाइल कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची सगळी ॲप घालायलाच लागायची, सुटी मिळायची नाहीत. त्या गठ्ठ्यात यूट्यूबही आहे, आणि ऑनलाइन व्हिडिओच्या बाजारात त्यामुळे यूट्यूबचं स्थान राखलं गेलं असं आयोगाने वेगळं नोंदवलंय. म्हणजे वीस वर्षांनी मुद्दा पुन्हा व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच आला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि आठवड्याभरात गूगलने जाहीर केलं की भारतात मोबाइल कंपन्यांना ॲप सुटी घेता येतील आणि वापरणाऱ्याला शोधयंत्र निवडता येईल.

पण २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून दहापैकी चार निर्देश रद्द केले. आधीपासून असलेली ॲप वापरणाऱ्याला पूर्ण काढून टाकता यावीत, हा त्यातलाच एक. सामान्य माणसाच्या हाताला थेट लागणारा निर्देश नेमका गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

सह्यवाट

मृणालताई, उपयुक्त माहिती. याला जोडून टीम्सचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसातल्या गप्पा-बैठकांच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण, कारण माझा किमतीचा मुद्दा तिथे तंतोतंत दिसतो.

स्लॅक या प्रतिस्पर्धी कंपनीने जुलै २०२० मध्ये युरोपात तक्रार केली की ऑफिसच्या गठ्ठ्यात टीम्स आपोआप येतं. आयोगाने चौकशी उघडल्यावर मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये युरोपात टीम्सशिवायचा गठ्ठा स्वस्तात द्यायला सुरुवात केली. आयोग म्हणाला, एवढं पुरेसं नाही. शेवटी १२ सप्टेंबर २०२५ ला जी हमी बंधनकारक झाली तिच्यात टीम्ससह आणि टीम्सशिवायच्या काही गठ्ठ्यांमधला किमतीचा फरक मूळ प्रस्तावापेक्षा ५० टक्क्यांनी वाढवून घेतलाय. सोबत प्रतिस्पर्ध्यांच्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेणं आणि ग्राहकाला आपला डेटा बाहेर नेऊ देणं, ही दोन कलमं. एक्सपी एनच्या आदेशात यातलं किमतीचं कलम असतं तर? गोदाकाठचा म्हणतात ते दारही इथे उघडायला लावलंय. दोन्ही एकत्र आल्याशिवाय जमत नाही, या मताला मी आलोय.

बाराखडी

टीम्सचं पटलं, कारण तिथे दर महिन्याला पैसे भरणारा ग्राहक आहे आणि त्याच्या बिलात फरक दिसतो. पण अँड्रॉइड मोबाइल कंपन्यांना फुकट मिळतं. मग यूट्यूब नसलेल्या गठ्ठ्याची किंमत कशाच्या तुलनेत कमी करणार? तुमची किमतीची अट तिथे चालतच नाही.

मृणाल_पु

चालते. युरोपच्या २०१८ च्या अँड्रॉइड निर्णयानंतर गूगलने तिथे हा गठ्ठा फोडला. प्ले स्टोअर आणि इतर ॲपच्या गठ्ठ्याला मोबाइल कंपन्यांकडून लायसन्सचे पैसे आकारायला सुरुवात केली, आणि तो दर काही फोनसाठी ४० डॉलरपर्यंत असल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०१८ मध्ये आल्या होत्या. शोधयंत्र आणि क्रोमचं लायसन्स वेगळं, आणि ते फुकट. म्हणजे 'फुकट'च्या मागे किती रक्कम होती ते गूगलच्याच दरपत्रकातून बाहेर आलं. शिवाय शोधयंत्र पुढे ठेवल्याबद्दल मोबाइल कंपन्यांना जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळतो. फरक मोजायला आकडे आहेत. आपल्या आयोगाने ते मागवून आदेशात वापरायला हवेत.